प्रचलित नाव

"कट! ताई, विळा कॅमेऱ्याकडं धरा. तोंड झाकतंय."

सोनालीताईंनी विळा वर धरला. असा विळा धरून हरभरा कापला तर आधी आपलीच बोटं जातील, हे त्यांना सातव्या वर्षापासून ठाऊक होतं. पण अमरनाथ पुण्याहून आलेला. दोन आमदारांची 'प्रतिमा' त्यानं घडवलेली. ताईंचे गॉगल, ताईंच्या साड्या, ताईंचं हसू, सगळं त्याच्या वहीत लिहिलेलं होतं. तेरच्या शिवारातलं हे रान कुणा दुसऱ्याचं होतं. खरंच हरभरा कापणाऱ्या बायकांना त्यानं काम थांबवून हसायला सांगितलं होतं.

"अगं नागे," सिताबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "किती येळ हसायचं? माझं दात वाळलं की."

"मावशी, नागे नाही. सोनालीताई म्हणायचं," अमरनाथ म्हणाला.

"सोनाली? ती आन् कुठं बसलीया?"

बायका खदखदून हसल्या. बांधावर खुर्ची टाकून बसलेला रणधीर तेवढा हसला नाही. ते नाव त्यानंच ठेवलेलं. वीस वर्षांपूर्वी, लग्नात, ताटातल्या तांदळावर अंगठीनं लिहून. नागूबाई हे नाव त्याला म्हातारं वाटलं होतं. धाराशिवच्या घरानं नवं नाव उचललं. बायकोच्या माहेरानं, म्हणजे तेरनं, काही उचललं नाही.

दहा वर्षं रणधीरनं स्वतःचा चेहरा चौकाचौकात टांगला होता. वाढदिवस, दसरा, दिवाळी, हात जोडलेले, मिशी तेल लावलेली. आणि यंदा जिल्हा परिषदेचा त्यांचा गट महिलांसाठी राखीव झाला. चेहरा बदलणं भाग होतं. मग तीनशे फ्लेक्स लागले, बेचाळीस रीलं झाली, आणि प्रचाराची रिक्षा गल्लीबोळातून ओरडत सुटली, 'आपल्या हक्काची सोनालीताई!'

रणधीरचा फोन वाजला. उमेदवारांची यादी लागली होती. मशीनवर जशी नावं येणार, तशी. त्यानं स्क्रीन डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, पुन्हा जवळ नेली.

"नागूबाई रणधीर पडवळ?" तो खुर्चीतून उठला. "कारकुनानं घोळ घातला! मतदार यादीतलं जुनंच नाव टाकलं!"

"कारकुनाला कशाला बोलताय?" सोनालीताई विळा खाली ठेवत म्हणाल्या. "घोळ न्हाय तो."

"अगं, फॉर्मसोबत प्रचलित नाव लिहून द्यायचं होतं. सांगितलं होतं ना तुला?"

"दिलं की लिहून. तुम्ही तवा हापिसाबाहेर होता. हार निसटला म्हणून तुमचं गाडीतून उतरल्याचं शूटिंग तिसऱ्यांदा चाललं होतं."

रणधीरला आठवलं. तिसऱ्या वेळचं शूटिंग छान आलं होतं.

"फॉर्म घेणाऱ्या साहेबांनी विचारलं, बाई, लोक तुम्हाला कोणत्या नावानं ओळखतात? म्या खरं ते सांगितलं." त्या थांबल्या. "सगळ्या प्रचारात मला कुणी विचारलेला तेवढा एकच प्रश्न."

"पण मत मागतोय आपण सोनालीला! मशीनवर फोटो न्हाय, नुसतं नाव आन् चिन्ह. लोक सोनाली शोधत बसतील!"

"किती लोक?"

रणधीरनं अमरनाथकडं पाहिलं.

"सव्वा लाख व्ह्यूज आहेत, ताई."

"आपल्या गटातले किती?"

अमरनाथनं फोनवर बोट फिरवलं. फिरवतच राहिला. "बरेचसे... पुण्या-मुंबईचे दिसतायत."

सिताबाई मधेच बोलली. "माझी सून अडली तवा भर पावसात तिला सिव्हिलला कुणी नेलं, दाजी? नागूनं. माझ्या सासूचा निराधारचा पगार कुणी सुरू केला? नागूनं. तुमची सोनाली मला ठावं न्हाय. चांगली असंल बिचारी. पर तिला कशाला मत देऊ म्या?"

हिशेब रणधीरला पटकन जमायचा, म्हणून तर तो राजकारणात होता. फक्त हा हिशेब त्यानं कधी मांडलाच नव्हता.

प्रचाराची रिक्षा बांधाच्या कडेला उभी होती. रेकॉर्डिंग बदलायला दोन दिवस लागणार. मतदानाला चार उरलेले. आता तोंडानंच बोलावं लागणार होतं, आणि ते कुणी बोलायचं हे सगळ्यांना कळलं होतं. रणधीर रिक्षात बसला, माइक हातात घेतला. खाकरला. "आपल्या... आपल्या गटाच्या लाडक्या उमेदवार... आमच्या सौभाग्यवती..."

"तसं न्हाय!" सिताबाई पळत जाऊन रिक्षाच्या पुढं आडवी उभी राहिली. तिच्यामागं आणखी सहाजणी. नव्या नवरीला दारात अडवतात, तशी त्यांनी वाट अडवली. "दाजी, नाव घ्या. त्याबिगर जाऊ देत न्हाय!"

"घेतो की. हटा."

"आधी नाव!"

रणधीरचे कान तांबडे झाले. हजारांच्या सभेत न अडखळणारा माणूस सात बायकांपुढं माइकची वायर सरळ करत बसला. अमरनाथनं घाईनं कॅमेरा उचलला. सोनालीताईंनी नुसता हात केला, आणि का कोण जाणे, त्यानं तो खाली ठेवला.

"नागूबाई," रणधीर हळूच म्हणाला.

भोंग्याला हळू बोलणं माहीत नव्हतं. नाव शिवारभर गेलं, तेरणा नदीपलीकडच्या उसात जाऊन परत आलं.

"ओ," नागूबाई म्हणाल्या.

वीस वर्षांत नवऱ्याच्या हाकेला ओ द्यायला त्यांना आज पहिल्यांदाच क्षणभरही थांबावं लागलं नाही.