फुलं आली की

"फुलं आली की जातो," उल्हासराव म्हणाले. "वीणाची शेवटची फुलं. दारात फुललेली बघतो, मग तुम्ही म्हणाल त्या विमानात बसतो."

प्रसन्नने बायकोकडे, शिवांगीकडे पाहिलं. पुण्याच्या वृद्धाश्रमातली खोली त्याने फोनवरूनच पक्की केली होती. तो शब्द मात्र घरात कोणी उच्चारत नसे. सगळे 'सीनियर लिव्हिंग' म्हणत. इंग्रजीत म्हटलं की बापाला घराबाहेर काढल्यासारखं वाटत नाही.

"स्प्रिंगपर्यंत ना, बाबा? डन," प्रसन्न म्हणाला. "पण मग परत कॅन्सल करायला लावू नका हं."

"आणि नाहीच आली तर?" शिवांगीने विचारलं.

"नाहीच आली तर पुढच्या वर्षी पुन्हा लावीन."

प्रसन्न हसला. उल्हासरावही हसले.

नात इलाचा जन्म झाला तेव्हा तिला सांभाळायला म्हणून ते आणि त्यांची पत्नी वीणाबाई परदेशात, शॉमबर्गला आले, आणि राहिलेच. आता इला बारा वर्षांची होती. आजोबांनी काही विचारलं की "आय'म गुड, आजोबा" म्हणायची आणि हेडफोन लावायची. गेल्या ऑगस्टमध्ये वीणाबाई गेल्या. महिनाभराने त्यांनीच मागवून ठेवलेल्या हायसिंथच्या कंदांचं खोकं दारात आलं. ते खोकं कवटाळून उल्हासराव सोफ्यावर बसून रडले होते.

कांद्यासारखे दिसणारे कंद. थंडीआधी कुंड्यांत लावायचे आणि एप्रिलमध्ये दारच्या पायऱ्यांवर मांडायचे. मग पांढऱ्या तुऱ्यांचा वास थेट मेलबॉक्सपर्यंत जाई. दर ऑक्टोबरमध्ये वीणाबाई गराजमधल्या टेबलावर माती पसरून बसत, शेजारी सून. सासू-सुनेचं एवढ्या एका बाबतीत जमे. उल्हासराव समोर खुर्ची टाकून नुसत्या सूचना करत. कंदांनी हाताला खाज सुटते म्हणून वीणाबाई हातमोजे घालत.

या वेळी कुंड्या उल्हासरावांनी एकट्याने भरल्या, हातमोज्यांशिवाय. दोन दिवस हात खाजवत होते.

नोव्हेंबरमध्ये पहिला बर्फ पडला, तशा त्यांनी एकेक करून सगळ्या कुंड्या बेसमेंटमध्ये नेल्या आणि घर गरम ठेवणाऱ्या फर्नेसला लागून मांडल्या. वीणाबाईंची लोकरीची शाल त्यांच्याभोवती गुंडाळली.

"बाबा, आई त्या गराजमध्ये ठेवायच्या ना?" शिवांगी म्हणाली.

"तिला थंडीची भारी हौस. मला नाही बघवत. बाहेर माणसं गोठतात, या मुक्या जिवांचं काय होत असेल?"

"राहू दे गं," प्रसन्न म्हणाला. "तेवढाच त्यांचा टाइमपास."

त्या रविवारी रात्री जेवताना शिवांगी सारखी बोटं खाजवत होती. "डिश सोप बदललाय, त्याचं झालं असेल," ती म्हणाली.

हिवाळाभर उल्हासरावांची दुपार त्या कुंड्यांपाशी जाई. घरात शुकशुकाट असायचा. ते खुर्ची ओढून बसायचे, माती चाचपायचे, शाल नीट करायचे. एकदा शिवांगी कपड्यांची बास्केट घेऊन खाली आली, तेव्हा ते शालीवर हात ठेवून पुटपुटत होते, "माफ कर गं वीणा. माफ कर."

"कशाबद्दल, बाबा?"

उल्हासराव दचकले. "काही नाही. कालपासून हीट जरा कमी वाटतेय. गारठली असतील."

"वाढवू का?"

"वाढव ना," ते घाईने म्हणाले.

तिने वाढवली.

मार्चअखेर कुंड्या पायऱ्यांवर आल्या. फिकट, लुळी पानं. तुऱ्याचा पत्ता नव्हता. शेजारच्या अंगणांतून रंग उसळले होते आणि यांच्या दारात नुसता पाला.

"येतील हो बाबा, अजून वेळ आहे," प्रसन्न म्हणाला.

"छे. यंदा काही खरं नाही." उल्हासरावांनी मान हलवली. त्या रात्री मात्र बऱ्याच दिवसांनी ते पोटभर जेवले. आमटी मागून घेतली.

एप्रिलमध्ये पुतण्याने, देवांगने, आठवडाभर आपल्या गावी, चँडलरला बोलावलं. फोन शिवांगीनेच लावून दिला होता. "जाऊन या बाबा. जरा चेंज होईल," ती म्हणाली. उल्हासराव खुशीत गेले. तिथे ऊन खाल्लं, देवांगला म्हणाले, "पुढच्या ऑक्टोबरात तू ये आमच्याकडे. मिळून कंद लावू."

परतताना प्रसन्न विमानतळावर आला होता. गाडी घरासमोर थांबली आणि उल्हासरावांचा हात दारावरच राहिला.

सगळ्या पायऱ्या पांढऱ्याशुभ्र झाल्या होत्या. टपोरे, भरगच्च तुरे. काच खाली नव्हती तरी वास आत आला.

"सरप्राइज!" प्रसन्न म्हणाला. "बाबा, आईची फुलं! तुम्ही गेलात आणि आली बघा! हिवाळाभर किती केलंत तुम्ही त्यांचं." त्याने डोळे पुसले, फोनवर फोटो काढला. "मे महिन्यातलं तिकीट बघतो मग. प्रॉमिस केलंय तुम्ही." बॅग उचलून तो आत गेला.

उल्हासराव खालच्या पायरीशी उभे राहिले. वास तोच होता, दरवर्षीचा. त्यांना काहीतरी ओरडून सांगायचं होतं, पण काय सांगणार?

शिवांगी बाहेर आली. वीणाबाईंची शाल धुऊन, घडी करून तिने आणली होती. ती तिने त्यांच्या हातात ठेवली.

"तुमच्या कुंड्या मागच्या अंगणात आहेत, बाबा. या माझ्या. नवे कंद आणून भरलेल्या; नोव्हेंबरपासून गराजमध्ये होत्या," ती हळू आवाजात म्हणाली. "हिवाळाभर गारठ्यात राहिल्याशिवाय हायसिंथ फुलत नाही, हे आईंनी आपल्या दोघांनाही एकाच टेबलावर सांगितलं होतं."