चौघांतला मारुती

ज्योतीरामने पिशवीतून फोटो काढून गोजाबाईंच्या हातात दिला. त्या ओसरीच्या कडेला उजेडात सरकल्या आणि फोटो डोळ्यांजवळ नेऊन पाहू लागल्या.

दगडी घरापुढे चार मराठा शिपाई उभे होते. कपडे सारखे, टोप्याही सारख्याच. एकाने एक गोरी, लहान पोर खांद्यावर घेतली होती. टोकाला उभा असलेला मिशीवाला उन्हाने डोळे बारीक करून पाहत होता.

तो फोटो मुळात ज्योतीरामचा नव्हता. चिंचवडला त्याचा स्टुडिओ होता, पण एका जहाज कंपनीच्या कामासाठी तो महिनोन् महिने परदेशातली बंदरं, गावं, माणसं टिपत फिरे. इटलीतल्या एका डोंगरातल्या गावात तो एका म्हातारीचा फोटो काढत होता. हा हिंदुस्थानातला, हे कळताच ती कॅमेऱ्यासमोरून उठली आणि घरातून हा जुना फोटो घेऊन आली. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी हे चौघे तिच्या गोठ्यात राहिले होते. टोकाच्या मिशीवाल्यावर बोट ठेवून ती म्हणाली, "मारुती. मोशी."

इतक्या लांब आपल्या शेजारच्या गावाचं नाव ऐकून ज्योतीरामने तिला ते पुन्हा म्हणायला लावलं. पुढचं म्हातारीच्या जावयाने मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं. मारुती त्याच हिवाळ्यात नदीपलीकडे गोळी लागून गेला होता. ज्योतीरामने तिथल्या तिथे त्या फोटोचा फोटो काढून घेतला.

मोशीत आल्यावर घर शोधावं लागलं नाही. लढाईत गेलेला मारुती म्हणजे आबाजी-गोजाबाईंचा लेक, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. तेव्हा तार आली होती. मागाहून एक बिल्ला आला होता. बाकी काहीच आलं नव्हतं, आणि मारुतीचा फोटो घरात कधी नव्हताच.

गोजाबाई बराच वेळ पाहत राहिल्या. त्यांना ओळखू येत नसावं, असं वाटून ज्योतीराम दाखवायला पुढे वाकला. तेवढ्यात त्यांचं बोट फोटोवर टेकलं. खांद्यावर पोर घेतलेल्या शिपायावर.

"ह्यो माझा मारुती," त्या म्हणाल्या. "पोरं आशीच उचलायचा."

ज्योतीरामने हात मागे घेतला. त्याने आबाजींकडे पाहिलं. ते बायकोच्या मागे उभे राहून फोटोत डोकावत होते, आणि त्यांची नजर टोकाच्या मिशीवाल्यावर खिळली होती. थोड्या वेळाने त्यांनी मान वर केली आणि ज्योतीरामकडे पाहून ती हळूच हलवली. बोलू नका, असं.

"व्हय," ते गोजाबाईंना म्हणाले. "त्योच."

मग गोजाबाई विचारत सुटल्या. तिकडे थंडी फार असते का, ती म्हातारी मायेची आहे का, पोर कुणाची. ज्योतीराम सांगत गेला. पोर म्हातारीची धाकटी लेक. म्हातारी या चौघांना मक्याच्या पिठाचा घाटा करून घालायची.

"पोटभर?"

"पोटभर, मावशी."

गोजाबाईंनी फोटो पदराने पुसला आणि शेजारच्या सोजराबाईंना दाखवायला त्या घाईने बाहेर पडल्या.

आबाजी ज्योतीरामला रस्त्यापर्यंत पोचवायला आले. दोघे बांधाबांधाने चालत होते. रस्ता दिसू लागला तेव्हा आबाजी म्हणाले, मिशी ठेवलेला मारुती आपण एकदाच पाहिला, पुण्याच्या स्टेशनावर, निरोप द्यायला गेलो तेव्हा. ही तापाने पडली होती, तिला येता आलं नाही.

मग त्यांना खरं का सांगितलं नाहीत, असं ज्योतीरामने हळूच विचारलं.

"रोज म्हनती, लेकाचं त्वांड आठवंना. त्यापायी रडती," आबाजी म्हणाले. "आज तिला गावलं. आता काढून कसं घिऊ?"

ज्योतीरामला त्या पोरवाल्या शिपायाचं नावही ठाऊक नव्हतं.

आबाजी थांबले. मारुतीला अग्नी कुणी दिला, ते तिकडे कळलं का, असं त्यांनी विचारलं. ज्योतीरामने जावयाकडून ऐकलेलं सांगितलं. अग्नी सोबतच्या शिपायांनी दिला. लाकूड कुठं मिळेना, तेव्हा म्हातारीने आपल्या वाडीतली फळती झाडं तोडू दिली होती.

आबाजींनी मुंडासं काढून हातात घेतलं. निघताना त्यांनी एवढंच विचारलं, त्या टोकाच्या पोराचा एकट्याचा फोटो करून मिळेल का? चेहरा पुसट येईल, ज्योतीराम म्हणाला. चालेल, म्हणाले.

पुढच्या बाजाराला ते चिंचवडला आले. ज्योतीरामने पुठ्ठ्यावर चिकटवलेला फोटो त्यांच्या हातात दिला. चेहरा पुसटच आला होता, पण मिशी आणि बारीक केलेले डोळे कळत होते. आबाजींनी तो दोन्ही हातांत धरून पाहिला. ज्योतीराम गुंडाळायला कागद शोधू लागला, तसा त्यांनी फोटो त्याच्यापुढे धरला.

"घरी न्येला तर तिच्या हाती लागंल," ते म्हणाले. "हितंच ऱ्हाऊ द्या. मी यीत जाईन."

भिंतीवर ज्योतीरामने परदेशात काढलेले फोटो ओळीने लावले होते. बंदरं, पूल, अनोळखी माणसं. त्यातला एक काढून त्याने त्या खिळ्यावर मारुतीला लावलं. आबाजी समोरच्या बाकावर बसले. एक नवराबायको फोटो काढायला आले आणि नेमके भिंतीपुढे उभे राहिले, तेव्हा आबाजी बाकावरच जरा बाजूला सरकले आणि पुन्हा पाहू लागले.