जन्मसालापर्यंत

"आई, मी इथे नाहीच असं समजा," मोठी सून म्हणाली.

"ते जमेल मला," सासूबाई म्हणाल्या आणि चष्मा नाकावर सारखा करून लॅपटॉपसमोर बसल्या.

मोठीनं टोमणा गिळला. तिच्या कामाचा नियमच तसा होता. वेबसाइटचं नवं पान माणसाच्या हातात द्यायचं आणि शेजारी गप्प बसायचं. बोट दाखवायचं नाही, 'अहो, तिकडे' म्हणायचं नाही, उसासासुद्धा टाकायचा नाही. माणूस कुठे अडखळतो तेवढं बघायचं.

डोळ्यांच्या दवाखान्याची वेळ घरबसल्या घेता यावी म्हणून हे पान होतं. जुनं मोठीनंच केलं होतं, नवंही तिचंच. जुन्यात म्हातारी माणसं अडकतात अशी तक्रार होती, म्हणून तिनं ते पुन्हा करायला घेतलं, असं ऑफिसात सगळे समजत होते.

घरातलं कारण ऑफिसात कशाला सांगायचं? सासूबाईही त्याच पानावर अडकायच्या, आणि अडकल्या की फोन लावायच्या धाकटीला. धाकटी जाऊ दुसऱ्या गावात, बालवाडीत शिकवणारी. तिला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. आणि जिनं ते पान केलं, ती भिंतीपलीकडच्या खोलीत बसलेली असायची.

"मला हाक मारायची ना, आई."

"तू कामात असतेस," हे ठरलेलं उत्तर.

मग भिंतीपलीकडून हसणं ऐकू यायचं. थांबायचं, पुन्हा सुरू व्हायचं. दवाखान्याची वेळ घेण्यात एवढं हसण्यासारखं काय असतं, हे मोठीला कळायचं नाही. विचारायची सोय नव्हती. तोंड उघडलं असतं तर पोटातलं सगळंच बाहेर आलं असतं. तेव्हा तिनं तिच्या हातात होतं ते केलं. पान इतकं सोपं करून टाकलं की कुणाला फोन करायची वेळच येऊ नये.

अक्षरं मोठी. एका वेळी एकच प्रश्न. आणि जन्मसालाची ती यादी तर तिनं मुळापासून काढली. जुन्या पानावर यादी चालू वर्षापासून सुरू व्हायची आणि आपलं साल येईपर्यंत खाली खाली सरकत जावं लागायचं. बोट निसटलं की परत वर. आता चार आकडे टाइप केले की काम झालं.

सासूबाईंनी नाव लिहिलं. चार आकडे लिहिले. वार निवडला. दाराची बेल दाबावी तसं जोरात बटण दाबलं. पडद्यावर भलीमोठी हिरवी खूण आली आणि खाली अक्षरं: तुमची वेळ नक्की झाली आहे.

"झालं पण?" सासूबाईंनी विचारलं.

"झालं," मोठी म्हणाली. नियम मोडला, पण आता राहवत नव्हतं. "एकदासुद्धा अडकला नाहीत तुम्ही."

सासूबाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला. हिरव्या खुणेकडे त्या जराशा नाराजीनंच बघत होत्या. मग त्यांनी फोन उचलला, धाकटीच्या फोटोवर बोट ठेवलं आणि आवाज मोठा करून फोन टेबलावर ठेवला.

"अगं, अडकलंय बघ पुन्हा."

मोठीनं तोंड उघडलं. तिच्याकडे न बघताच सासूबाईंनी हात वर करून तिला गप्प केलं.

"त्या सालांच्या यादीत ना?" पलीकडून धाकटी. "थांबा, चहा घेऊन बसते. हं. कुठपर्यंत आलात?"

सासूबाईंनी हिरव्या खुणेवरून बोट सावकाश खाली ओढलं. "आत्ता कुठे तुझ्या लग्नापर्यंत."

धाकटी खुदकन हसली. "म्हणजे तुमचा चष्मा हरवला ते साल! सगळ्या फोटोंत डोळे बारीक करून उभ्या आहात."

"फोटोग्राफर म्हणे, आजी, इकडे बघून हसा. म्हटलं, बाबा, आधी तू आहेस कुठे ते तरी सांग."

दोघी हसल्या. तेच ते भिंतीपलीकडचं हसणं. त्या लग्नात मोठी दिवसभर धावत होती. चष्म्याचं तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"सरका खाली," धाकटी म्हणाली. "आता ताईंचं लग्न येईल. तिथून तुम्ही दर वेळी पळत पुढे जाता हं, आई. काही सांगतच नाही."

"तुला काय सांगू? तू कुठे होतीस तेव्हा? ते एकटीनं आठवण्यात काय मजा? आज ती बसलीय माझ्या शेजारी. तिलाच विचार."

"ताई?" धाकटीचा आवाज एकदम सावध झाला. "अहो ताई, ते पान तुम्हीच केलंय ना? मग तुम्ही शेजारी असताना कसं अडकलं?"

मोठीनं पडद्याकडे पाहिलं. तो हिरवा रंग तिनं स्वतः निवडला होता, चष्म्याशिवायही दिसावा असा. आता खरं काय ते बोललं की फोन संपणार होता. आजचाच नाही, पुढचेही सगळे. याचसाठी तर तिनं एवढं डोकं घातलं होतं.

सासूबाई तिच्याकडे बघत होत्या. हात आता वर नव्हता.

मोठीनं खुर्ची पुढे ओढली, फोनजवळ.

"अडकलंय खरं," ती म्हणाली. "माझ्या लग्नापाशी."