दिवसा झोपणारा जुरको

"त्या जुरकोला सांग मावशी, कांदा खाऊन माझ्या उशीवर झोपू नको म्हणावं," बूट चढवता चढवता गाशपर करवादला.

"तुझ्या उशीवर? दिवसा ती त्याची," अपोलेनामावशी कोबीचं सूप वाढत म्हणाली. "आणि तो म्हणतो, गाशपरला सांगा, पाय धुऊन झोपत जा."

जेवायला बसलेली मंडळी खो खो हसली. गाशपरही हसला.

पिट्सबर्गजवळच्या त्या पोलादाच्या गावात एका पलंगाचे दोन धनी असणं काही नवलाचं नव्हतं. एक दिवसपाळीला गेला की रात्रपाळीचा येऊन त्याच उबदार गोधडीत शिरायचा. विधवा मावशीच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहणारे सगळे दिवसपाळीचे गडी, रात्रपाळीचा एकटा जुरको. भोंगा वाजून हे बाहेर पडले की तो यायचा, हे परतायच्या आत निघून जायचा. रविवारी म्हणे बहिणीकडे. वर्ष होत आलं, गाशपरनं त्याचं तोंड पाहिलं नव्हतं.

पण माणूस लाखातला. गाशपरचा फाटका मोजा पलंगाखाली राहिला, की संध्याकाळी शिवून ठेवलेला मिळायचा.

"एवढं छान शिवतो, मग लग्न का करत नाही गं तो?"

"त्याला कोण विचारतंय," मावशी म्हणायची.

रात्री कधीही जाग आली तरी तिची चुलीपाशी खुडबुड चालूच असायची. कधी पाव भाजणं, कधी धुणं. बाई लोखंडाची आहे, असं सगळे म्हणत.

आता मात्र पंचाईत झाली होती. गाशपरची बायको झुझका शनिवारी मायदेशाहून येणार होती. वेगळी खोली घ्यायची ऐपत नव्हती. पडदा लावून कोपरा केला असता, पण दिवसा तिच्या बिछान्यात परका पुरुष लोळत असताना बिचारी बसणार कुठं? गाशपरची झोपच उडाली.

"जुरकोनं पलंग सोडला तर घे," मावशी म्हणाली होती. "विचारते त्याला."

तीन दिवस तिनं विषयच काढला नाही. शुक्रवारी सकाळी सूप वाढताना म्हणाली, "विचारलं रे. म्हणाला, घेऊ दे. पोरगी एवढ्या लांबून येतेय."

"मग तो कुठं झोपेल?"

"त्याला काय, कुठंही अंग टाकेल. सूप संपव, गार होतंय."

गाशपरला अगदी भरून आलं. एवढ्या दिलदार माणसाला आपण वर्षभर कांद्यावरून टोमणे मारले, याची त्याला लाज वाटली.

त्याच दुपारी गाशपरची भट्टी बिघडली आणि त्याला लवकर घरी सोडलं. वाटेत गाशपरनं आलुबुखाराच्या दारूची बाटली घेतली. जुरकोला उठवायचं, कडकडून मिठी मारायची आणि पहिला पेला त्याच्याच हाती द्यायचा, असं ठरवून तो शीळ घालत घरी आला.

घरात शुकशुकाट होता. चुलीवर झाकलेलं भांडं, बाकी कुणी नाही. तो चवड्यांवर चालत खोलीत गेला. डोक्यावरून गोधडी घेऊन जुरको खुशाल घोरत होता.

"ऊठ की मर्दा," म्हणत गाशपरनं हसत हसत गोधडी ओढली.

पिठानं माखलेले हात उशाशी घेऊन अपोलेनामावशी गाढ झोपली होती.