कडेवरची दीर्घिका

वेधशाळेत काम करणाऱ्या बाबांनी कधी माउसला हात लावला नव्हता. काळ्या पडद्यावर कमांड टाइप करून ते दूरदूरच्या दीर्घिकांचे फोटो नंबरने हाक मारून बोलवायचे. आता बोटं थरथरायची, लांबलचक नंबर चुकायचे. "बस झालं, सोडतो काम," ते म्हणाले. म्हणून लेकीने पडद्यावर इवलीशी खिडकी बनवली. माउसने फोटो उचलून तिच्यात टाकला की कमांडमध्ये नंबर आपोआप उमटायचा.

बाबांनी एक दीर्घिका उचलली. हाताबरोबर तीही पडद्यावर झुलू लागली.

"बाबा, सोडा आता खिडकीत."

"थांब गं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा कडेवर घेतलीय."

"मला तरी कुठे एवढा वेळ घेतलंत?"

"तू खाली उतरायला धडपडायचीस," बाबा कुजबुजले. "ही झोपलीय."