बारीक धार

गिझरमधून गरम पाण्याची धार बारीक येते म्हणून जमीर मिस्त्री महिन्यात तिसऱ्यांदा तांड्यावर लालीबाईच्या घरी आला. जाळी साफ होती, सिलिंडर भरलेलं होतं. पाण्याचा कॉक तेवढा कोणीतरी पुन्हा आवळून ठेवला होता.

"मावशी, मी पुरा खोलून गेलतो. कोन आवळते?"

"माहा संजय. कपाशी फवारून आला का त्याले कढत पानी लागते. धार बारीक केल्याबिगर कढत येत नाही. पन तेवढ्या धारेनं औषध निघत नाही रे आंगावरचं. धार मोठी अन् पानी कढत, असं काही जमव बापा."

जमीरनं कॉकवरचा हात काढला. बोटांना फवारणीच्या औषधाचा वास येत होता. मागच्या पोळ्याला संजयच्या तिरडीला खांदा देताना आला होता, तोच.