नावं संपेपर्यंत

“आई, बस ना. नावं संपल्यावर येतो तो,” आर्या म्हणाली.

स्मिता उठता उठता परत बसली. पडद्यावर नावं सरकत होती. मागच्या रांगेतली मुलं पाय आपटत निघाली. “ह्या टाइम फायटिंगच नाय. सो बोरिंग, लाह,” एक जण इथल्या पोरांसारखं शेवटी ‘लाह’ जोडत म्हणाला. मराठी घरातलाच असावा.

अंतराळयानाच्या मालिकेतला हा पाचवा सिनेमा. आधीचे चार आर्याने बाबांबरोबर पाहिले होते. नवा सिनेमा इथे गुरुवारी लागतो, आणि गुरुवारी स्मिताचा नेहमीचा उपास. ती कधी आलीच नाही. आज मात्र आर्या एकटीच चप्पल घालताना दिसली, तशी तीही मागोमाग निघाली.

चारही सिनेमांत कप्तान शेवटी मरायचा. सगळी नावं संपली की त्याची बोटं हलायची. तेवढ्यासाठी बापलेक रिकाम्या थिएटरात बसून राहायचे. मग मरीन परेडला घरी परतताना बसमध्ये शिरीष वही काढायचा आणि दोघं सिनेमाला मार्क द्यायची. आर्याचे मार्क दहापैकी दहा, त्याचे दर वेळी आठ.

“मेलेला परत आला. दोन कापले,” तो म्हणायचा. आर्या घर येईपर्यंत भांडायची.

हा सिनेमा निराळाच निघाला. लढाई नाही, स्फोट नाही. कप्तान अर्ध्यातच गेला. उरलेला तासभर यानातली माणसं त्याची खुर्ची रिकामी ठेवून जेवत राहिली, कामं करत राहिली.

शिरीष हॉस्पिटलात होता तेव्हा स्मिताने सोळा गुरुवारांचं व्रत धरलं होतं. चौदावा झाला आणि तो गेला. सुतक फिटल्यावर तिने राहिलेले दोन केले, उद्यापनही केलं. “आता कशासाठी, आई?” आर्याने चिडून विचारलं होतं.

आता स्मिता मुलीला ऊठ म्हणाली नाही. हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

शेवटचं नाव वर गेलं. पडदा काळा झाला. दिवे लागले.

झाडणाऱ्या आंटी त्यांच्या रांगेशी येऊन थांबल्या. “फिनिश ऑलरेडी, गर्ल. नो मोर.” आर्या हलली नाही. आंटींनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि पुढची रांग झाडायला घेतली.

मग आर्याने पिशवीतून वही काढली. बाबांच्या रकान्यात दहा लिहिले. “ह्याला त्यांनी पूर्ण दिले असते,” ती म्हणाली. ती थोडीशी हसलीही.

स्वतःच्या रकान्याशी तिचं पेन अडलं. तिने आठ लिहिले.

“तुझे दोन का गं कापलेस?” स्मिताने हळूच विचारलं.

“परत आला नाही.”